शिशाच्या गोळ्या

लागुनाच्या खाडीत पाणी गढूळ.
कमरेइतक्या पाण्यात उभ्या माणसाला
स्वतःचे गुडघे दिसत नाहीत,
मग बोईट कुठून दिसणार?
म्हणून सगळे ओळीनं उभे,
जाळ्याची कड दातांत धरून,
डॉल्फिन काय म्हणतो त्याची वाट बघत.

नुसता पंख दिसला, तर काही नाही.
फुस्सकन श्वास सोडला, त्यालाही अर्थ नाही.
जुरांदीरचा पोरगा प्रत्येक पंखावर जाळं फेकायचा,
दिवसभर फेकायचा
आणि संध्याकाळी शेवाळ निवडत बसायचा.
त्याला कुणी काही सांगितलं नाही.
पाणीच सांगत होतं,
जाळं रिकामं परत देऊन देऊन.

मग एका सकाळी कनेकानं, त्या तुटक्या पंखाच्या मादीनं,
पाठीची कमान केली
आणि शेपटीचा सपका हाणला पाण्यावर.
पोराचा हात आपसूक गेला.
सतरा बोईटं. मोजताना तो रडत होता.
त्यानंतर पंखांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

आमच्या घरातही तळ दिसत नसे.
आईनं मला बघायला नाही, ऐकायला शिकवलं:
बाबांचं जाळं खुंटीवर गेलं,
शिशाच्या गोळ्या भिंतीला हळू घासल्या,
तर वहीचे पैसे माग,
साओ जुआंवच्या जत्रेचं विचार, काहीही विचार.
जाळं दारातच पडलं, धप्प,
तर तोंड चुलीकडे.

नऊ वर्षांची असताना एकदा चुकले.
गोळ्या भिंतीला घासल्या खऱ्या,
पण त्या शेजारच्या नाझारेच्या भिंतीला.
मी बूट मागितले.
बूट मिळाले नाहीत.
बाकीचं सांगत नाही.

आता मी फ्लोरियानोपोलिसला, बँकेत.
साहेब भला माणूस आहे, मुलांचे फोटो दाखवतो.
पण सकाळी त्याच्या किल्ल्या टेबलावर पडल्या
की माझे खांदे कानांपर्यंत जातात
आणि रजेचा अर्ज खणातच राहतो.
त्या किल्ल्यांनी माझं काय केलं होतं?

मे महिन्यात दक्षिणेचा वारा सुटला तेव्हा घरी आले.
बाबांचे गुडघे गेलेत. ते काठावर
उलट्या टोपलीवर बसतात आणि दुसऱ्यांचे हात बघतात.
म्हणाले, माणसं ओळीत उभी नसली ना,
तर कनेकाची पोर मासे हाकत आणत नाही.
लांबूनच वळते.
आपल्याला वाटतं आपणच तिच्याकडे बघतोय.

मग बराच वेळ नुसता वारा.
मग म्हणाले, तुझं तोंड चुलीकडे असायचं.
फाटकापासूनच पाठ दिसायची तुझी.
मला वाटायचं, आज हिला बोलायचं नाही माझ्याशी.
मग कशाला टांगायचं जाळं,
टाकायचो तिथंच.

मी मनात दिवस उलटे मोजत गेले,
आधी पाठ की आधी जाळं,
आठवीपर्यंत, सहावीपर्यंत,
आणि त्या बुटांपाशी थांबले.
बुटांचं त्यांना काही आठवत नव्हतं. मी विचारून पाहिलं.
आठवत नाही म्हणाले, आणि टोपलीवर जरा सरकून बसले.

तेवढ्यात सपका.
अकरा जाळी एकदम उघडली,
आणि बाबांचे दोन्ही हात, रिकामे,
छातीपर्यंत उचलले गेले
नि तसेच राहिले थोडा वेळ.

मी म्हटलं, बाबा, कॉफी आणू?
वाऱ्यात ऐकू आलं नाही त्यांना.
त्यांचं तोंड पाण्याकडे होतं,
फक्त पाठ दिसत होती.
पुन्हा विचारलं.